हार्डटेलची (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन सायकलची) फ्रेम: ॲल्युमिनियम, क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम स्टील) की कार्बन? आणि जॉमेट्रीचा तक्ता वाचायचा कसा?

टेकडीकर (शनिवार, रात्री १०:१२)

२९ इंची बूस्ट (रुंद हबची) चाकं, ब्रेक आणि १२ गिअरचा ड्राइव्हट्रेन हाताशी आहे. फ्रेम आणि फोर्क तेवढे घ्यायचेत. उंची १७१ सेमी, इनसीम (पायाची आतली उंची) ७९ सेमी, पाठपिशवी धरून वजन ७८ किलो.

वापर असा: आठवड्यात तीन दिवस पुण्यात कोथरूडहून डांबरी रस्त्याने वेताळ टेकडी आणि वर तासभर. रविवारी बोपदेवच्या पलीकडचे मुरमाचे रस्ते. पाऊस ओसरला की मुळशीकडच्या पायवाटा. उड्या मारायच्या नाहीत, दीड-दोन फुटांची पायरी उतरता आली की झालं.

तीन फ्रेम निवडल्यात, तिन्ही एम साइजमध्ये. (अंतरं मिमीत, अँगल जमिनीशी अंशांत: हेड अँगल फोर्कचा, सीट अँगल खोगिराच्या नळीचा. बीबी म्हणजे क्रँकचा आस बसतो ती जागा. रीच आणि स्टॅक म्हणजे बीबीपासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचं आडवं आणि उभं अंतर. चेनस्टे म्हणजे बीबीपासून मागच्या एक्सलपर्यंतची नळी. ड्रॉप म्हणजे बीबी एक्सलच्या रेषेपेक्षा किती खाली. फोर्कचा आकडा म्हणजे तो किती दबू शकतो.) ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा तिकडेच जाईल.

क) ६०६१ ॲल्युमिनियम, १.९ किलो. हेड अँगल ६७.५, सीट अँगल ७४, रीच ४४०, स्टॅक ६१५, चेनस्टे ४३२, बीबी ड्रॉप ६०. फोर्क १२० मिमी. प्रेसफिट ९२ (कप दाबून बसवायचा) बीबी.

ख) ४१३० क्रोमोली, २.७ किलो. हेड ६५, सीट ७५.५, रीच ४५५, स्टॅक ६३०, चेनस्टे ४२५, ड्रॉप ५८. फोर्क १४० मिमी. आट्यांचा ७३ मिमी बीबी, सरकते ड्रॉपआउट (मागचा एक्सल बसतो त्या खाचा).

ग) कार्बन, १.१५ किलो. हेड ६८.५, सीट ७४, रीच ४४५, स्टॅक ६०५, चेनस्टे ४३५, ड्रॉप ६०. फोर्क १०० मिमी. प्रेसफिट ९२.

मन 'ख'कडे झुकतंय, कारण स्टील दगडांवर मऊ चालतं म्हणतात. जाणकारांनी सांगावं.

कोथरूडकर४११०३८ (शनिवार, रात्री १०:३०)

"म्हणतात" हा शब्द काढा, अर्धा प्रश्न सुटेल.

टिग_काका (शनिवार, रात्री ११:०५)

स्टीलच्या मऊपणाबद्दल आधी बोलू.

स्टीलचा ताठपणा, म्हणजे यंग्ज मॉड्युलस, साधारण २०५ गिगापास्कल आणि घनता ७.८५. ॲल्युमिनियमचा ६९ आणि २.७. दोन्हीकडे भागाकार करा, २६ च्या आसपास येतो. म्हणजे वजनाच्या हिशेबात दोन्ही धातू जवळजवळ सारखेच ताठ आहेत. फरक पडतो तो नळीच्या व्यासाने. पातळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो, वजन मात्र व्यासाच्या पटीतच. ॲल्युमिनियममध्ये जाड व्यासाची नळी हलकी राहते, म्हणून बनवणारे व्यास वाढवतात आणि फ्रेम ताठ होते. स्टीलच्या नळ्या बारीक ठेवाव्या लागतात, कारण व्यास वाढवून वजन आवरायचं तर भिंत इतकी पातळ होते की दगडाने पोचा पडतो. चांगल्या डबल बटेड नळीची भिंत टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिमी असते.

आता मऊपणा. फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. उभ्या दिशेने ती जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर दबते, मग धातू कुठलाही असो. २.४ इंची टायर २२ पीएसआयवर दगडाच्या धारेवर सेंटिमीटरभर सहज दबतो. हार्डटेलमध्ये मऊपणा हवा असेल तर तो मागच्या टायरमधून येणार. स्टीलचा फरक जाणवतो तो आडव्या पिळात. वळणात मागचं चाक दगडावर अडकलं की फ्रेम किंचित पिळते आणि चाक झटका न देता सुटतं. हे खरं आहे, पण त्याला "दगडांवर मऊ" म्हणत नाहीत.

पोलादी (रविवार, सकाळी ६:५०)

काकांचं गणित मान्य, पण स्टील घ्यायचं कारण मऊपणा नाहीच. थकवा आणि दुरुस्ती ही कारणं आहेत.

स्टीलला थकव्याची मर्यादा असते. ताण त्या मर्यादेखाली राहिला तर फेरे कितीही होवोत, तडा जात नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, लहान ताणही साठत जातो. म्हणूनच चांगल्या ॲल्युमिनियम फ्रेमला जोडापाशी भरपूर माल दिलेला असतो आणि तिचा ताठपणा अर्धा त्यामुळेही येतो.

दुरुस्तीचं म्हणाल तर ६०६१ वेल्ड केल्यावर पूर्ण फ्रेम साधारण ५३० अंशांना तापवून पाण्यात विझवावी लागते आणि मग १७५ च्या आसपास काही तास भाजावी लागते. तेव्हा कुठे मूळची (टी६) ताकद परत येते. चेनस्टेचा तडा गल्लीतल्या वेल्डरकडून भरून आणला, तर भरलेल्या जागेशेजारची नळी निम्म्या ताकदीवर राहते आणि पुढचा तडा तिथेच जातो. ७००५ ला (ॲल्युमिनियमचं दुसरं मिश्रण) विझवणं लागत नाही, पण भाजणं लागतंच. क्रोमोलीचा तडा टिग वेल्डिंगने नाहीतर पितळेच्या ब्रेझिंगने भरता येतो. फक्त रिक्षाची चॅसी जोडतात त्या इलेक्ट्रोडने नको, ०.६ च्या भिंतीला थेट भोक पडेल.

मुरूममित्र (रविवार, सकाळी ९:४०)

धातूवर रात्रभर चर्चा झाली, जॉमेट्रीकडे कुणी पाहिलंच नाही. या तीन फ्रेममधला खरा फरक तिथेच आहे.

हार्डटेलचा तक्ता छापतात तो स्वार न बसलेल्या सायकलचा. तुम्ही बसलात की फक्त पुढचा फोर्क दबतो, मागचं जागेवर राहतं. म्हणजे अख्खी फ्रेम मागच्या एक्सलभोवती पुढे झुकते. फुल सस्पेन्शनमध्ये पुढचं-मागचं दोन्ही दबतं, म्हणून तिथे तक्ता बराचसा खरा राहतो. हार्डटेलमध्ये तो सॅग (स्वाराच्या वजनाने फोर्क जेवढा दबतो तो) धरून नव्याने मांडावा लागतो. ढोबळ हिशेब: फोर्क २० मिमी दबला की दोन्ही अँगल जवळपास १ अंशाने उभे होतात, बीबी ७ मिमी खाली जातो आणि रीच १० मिमी वाढतो.

क, १२० फोर्क, २० टक्के सॅग म्हणजे २४ मिमी: हेड ६८.६, सीट ७५.१, रीच ४५२, बीबी ८ मिमी खाली.

ख, १४० फोर्क, २५ टक्के म्हणजे ३५ मिमी: हेड ६६.५, सीट ७७, रीच ४७२, बीबी ११ मिमी खाली.

ग, १०० फोर्क, २० टक्के म्हणजे २० मिमी: हेड ६९.४, सीट ७४.९, रीच ४५५.

'ख'चा रीच कागदावर 'क'पेक्षा १५ मिमीने जास्त दिसतो, बसल्यावर तो २० ने जास्त होतो. १७१ सेमी उंचीला ४७२ म्हणजे उतारावर हात ताणलेले आणि अंग मागे. पुढच्या चाकावर वजन पडत नाही आणि मुरमाच्या वळणात तेच आधी सुटतं. मुरूम म्हणजे घट्ट जमिनीवर पसरलेल्या गोळ्या. पकड मिळते ती वजन टाकूनच.

आणखी एक सापळा आहे. बरेच जण इफेक्टिव्ह टॉप ट्यूब बघून साइज ठरवतात. ती काढायची रीत: स्टॅकला सीट अँगलच्या टॅन्जंटने भागा, त्यात रीच मिळवा. 'क'ची ६१६ येते, 'ख'ची ६१८. बसून चालवताना दोन्ही सारख्याच. पेडलवर उभं राहिलं की मगाचे २० मिमी. दुकानात फुटपाथवर चक्कर मारून दोन्ही "फिट" वाटतात ते यामुळे.

टेकडीकर (रविवार, सकाळी १०:०५)

हे डोक्यातच नव्हतं. मग 'ख' बाद की साइज एस बघू? एसचा रीच ४३०, स्टॅक ६१५, सीट ट्यूब ४००, बाकी तेच.

मुरूममित्र (रविवार, सकाळी १०:३८)

एस बघा. सॅगमध्ये ४४७ येईल, तुम्हाला तेवढाच हवा. इनसीम ७९ म्हणजे बीबीपासून खोगिराच्या माथ्यापर्यंत जवळपास ७०० मिमी. त्यातून ४०० ची सीट ट्यूब वजा केली की ३०० उरतात. १५० चा ड्रॉपर (खोगीर खाली-वर करणारा सीटपोस्ट), वरचं डोकं आणि खोगीर मिळून २४५ च्या आसपास जातं, म्हणजे १७० चाही बसेल. फक्त पोस्टची खालची लांबी सीट ट्यूबमध्ये सरळ उतरते का ते बघा. बाटलीच्या बोल्टचे नट आत आलेले असतील तर पोस्ट तिथे अडते.

माझी अडचण 'ख'च्या सीट अँगलशी आहे. सॅगमध्ये ७७ म्हणजे वेताळ टेकडीच्या उभ्या चढाला झकास, कोथरूडहून सपाट डांबरावर जाताना मात्र सगळा भार तळहातांवर. आठवड्यातले तीन दिवस निम्मा वेळ डांबरावर जाणार असेल तर हे टोचेल.

चेनल्यूब (रविवार, दुपारी १२:१५)

त्याला उपाय आहे. खोगिराची उंची ७०० असेल तर १२ मिमी मागे सरकवलं की बरोबर १ अंश. रेल्सवर तेवढी जागा असते. रीचला असा उपाय नाही. स्टेम (हँडल धरणारा भाग) ५० चा ३५ केलात तर हात जवळ येतील, पुढचं चाक आहे तिथेच राहील. म्हणून आधी रीच, मग सीट अँगल.

टिग_काका (रविवार, दुपारी १२:४०)

अनुमोदन. आणि वजनाचा बाऊ नको. 'क' आणि 'ख'मध्ये ८०० ग्रॅम. सायकल, स्वार, पाणी मिळून ९१ किलो धरा, फरक ०.९ टक्के. तासभराच्या घाटचढात अर्धा मिनिट.

पोलादी (रविवार, दुपारी १:२०)

'ग'बद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आजचं कार्बन नाजूक नाही, योग्य कामाला उत्तम आहे. पण ही फ्रेम शर्यतीची आहे. हेड अँगल सॅगमध्ये ६९.४ आणि २९ इंची चाकाला, ४४ मिमी ऑफसेट (एक्सल स्टिअरिंगच्या आसापासून जेवढा पुढे असतो) धरून, तक्त्यावरच्या अँगलने ट्रेल (स्टिअरिंगचा आस जमिनीला मिळतो तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) ९८ मिमी येतो. 'क'चा १०६, 'ख'चा १२४. ट्रेल कमी म्हणजे हँडल चपळ, उतारावर दगड लागला की तितकंच चटकन वळणार. शिवाय टेकडीवरचा काळा पाषाण पुढच्या चाकाने उडून डाउन ट्यूबच्या पोटावर बसतो. धातूला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनचे थर आतून सुटले तर वरचा रंग शाबूत राहू शकतो. नाण्याने टकटक करत जायचं, खणखणीत आवाज एका जागी बद्द झाला की तिथे शंका. घेतलीच तर पोटाला जाड रबरी गार्ड, सीट क्लॅम्प टॉर्क रेंचनेच (बहुतेक ठिकाणी ५ न्यूटन मीटर लिहिलेलं असतं) आणि ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट.

फ्रेमवर बीबीजवळ एक बारीक स्टिकर असतो, एएसटीएम (अमेरिकी मानक संस्था) कॅटेगरीचा. कॅटेगरी ३ म्हणजे खडबडीत वाटा आणि ६१ सेमीपर्यंतची उडी, ४ म्हणजे १२२ सेमीपर्यंत. तुमची दोन फुटी पायरी ३ च्या अगदी काठावर आहे. तिन्ही फ्रेमचा स्टिकर विचारून घ्या.

कोथरूडकर४११०३८ (रविवार, दुपारी १:३१)

स्टिकर विचारल्यावर "दुपारी १ ते ४ स्टिकर दाखवला जाणार नाही" असं उत्तर आलं तर दुकान खात्रीचं समजावं.

चेनल्यूब (रविवार, रात्री ८:२०)

आता पावसाळ्याचं. इथे चार महिने पाऊस, आणि क्रोमोली आतून गंजते, बाहेरून नाही. पाणी सीट क्लॅम्पच्या खाचेतून शिरतं, सीट ट्यूबमधून बीबीत साठतं आणि बीबी शेलला निचऱ्याचं भोक नसेल तर तिथेच बसतं. म्हणून फ्रेम घेताना शेलच्या पोटाला भोक आहे का ते आधी बघा.

नवी फ्रेम आली की काहीही बसवायच्या आधी हे करा. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड लिन्सीड, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल मिळतं. ६०-७० मिली पुरतं. बीबीच्या आट्यांना आणि हेडसेटच्या बैठकीला टेप लावा. सीट ट्यूबमधून थोडं ओता, फ्रेम आडवी-उभी फिरवत राहा. जोडांच्या आत वेल्डरने ठेवलेली हवेची बारीक भोकं असतात, तिथून तेल टॉप ट्यूब आणि डाउन ट्यूबमध्ये उतरतं. चेनस्टे-सीटस्टेच्या भोकांतून सिरिंजने सोडा. रात्रभर उलटी टांगून जास्तीचं गळू द्या, मग दोन-तीन दिवस वाळू द्या. आत चिवट पापुद्रा धरतो.

एक धोका ध्यानात ठेवा. या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून बादलीत टाकल्या तर वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट स्टील फ्रेममध्ये कोरडा ठेवला तर एक-दोन पावसाळ्यांत असा धरतो की करवतीनेच निघतो. ग्रीस लावा आणि वर्षातून दोनदा काढून पुसा.

'क' आणि 'ग'चा प्रेसफिट ९२ वाईट नसतो, पण शेलचं ४१ मिमीचं भोक गोल आणि एका रेषेत नसेल तर प्लास्टिकचे कप हलतात, त्यात मुरमाची पूड जाते आणि चढावर कुरकुर सुरू. दोन कप एकमेकांत आट्यांनी घट्ट होणारा बीबी टाकला की बहुतेक वेळा थांबते. 'ख'च्या आट्यांच्या बीबीत ही भानगडच नाही. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो एवढं लक्षात ठेवा. ३५ ते ५० न्यूटन मीटर.

दगडफूल (सोमवार, सकाळी ७:१०)

टायरची जागा कुणी काढली नाही. चेनस्टे ४२५ इतके आखूड असले की २.४ चा टायर आणि चेनरिंग यांच्यामध्ये फ्रेम चेपून बसवतात. दोन्ही बाजूंनी ६ मिमी तरी मोकळे हवेत. पहिल्या पावसानंतरची काळी माती टायरला पोळीसारखी चिकटते आणि कमी जागा असेल तर चाक थांबवते, शिवाय फ्रेमचा रंग खरवडते. 'ख'चे ड्रॉपआउट सरकते आहेत, १० मिमी मागे घ्या. चढावर पुढचं चाक उचलायचंही कमी होईल. सरकवल्यावर दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवलेत का बघा, नाहीतर डिस्क कॅलिपरमध्ये घासत राहते.

आणि टेकडीवर बाभळीचे काटे आहेतच. ट्यूबलेस, प्रत्येक चाकात १०० ते १२० मिली सीलंट, तुमच्या वजनाला पुढे १९ आणि मागे २२-२३ पीएसआयपासून सुरुवात.

टेकडीकर (सोमवार, रात्री ९:०२)

'ख' एस जवळपास नक्की. तीच फ्रेम वापरलेली, फोर्कशिवाय, निम्म्या किमतीत मिळतेय. उद्या बघायला जातोय. काय तपासू?

टिग_काका (सोमवार, रात्री ९:४५)

सोबत दोरा, पट्टी, टॉर्च आणि चिंधी न्या.

सरळपणा: मागच्या एका ड्रॉपआउटपासून दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. मिलिमीटरभर फरक चालेल, दोनच्या वर असेल तर फ्रेम वाकलेली आहे. क्रोमोली थंडच वाकवून सरळ करता येते, ॲल्युमिनियम नाही.

तडे: हेड ट्यूबच्या मागे डाउन ट्यूबचा पोटाकडचा वेल्ड, सीट क्लॅम्पच्या खाचेचं टोक, डाव्या चेनस्टेवर ब्रेकच्या बैठकीजवळ आणि बीबीमागचा चेनस्टेचा जोड. चिंधीने पुसा, टॉर्च तिरपा धरा. पुसूनही जात नाही अशी काळी केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची भेग की धातूची, हे डोळ्याने ठरवू नका. डाय पेनिट्रंटचा तीन डब्यांचा संच मिळतो, भोसरी-चाकणच्या कारखान्यांत वेल्ड तपासायला हेच वापरतात. रेघेभोवतीचा रंग आधी खरवडून काढा, नाहीतर रंगाचीच भेग दिसत राहील. क्लीनरने पुसा, लाल डाय मारा, १०-१५ मिनिटं थांबा. मग चिंधीवर क्लीनर घेऊन पुसा, थेट फवारू नका, भेगेतला डाय धुतला जातो. वरून पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर. धातूला तडा असेल तर पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटत जाते.

डाउन ट्यूबच्या पोटावर, हेड ट्यूबमागे रंगाला सुरकुत्या दिसल्या तर पुढे तपासूच नका. समोरून आदळलेली फ्रेम आहे.

मुरूममित्र (सोमवार, रात्री १०:२०)

फ्रेमवर साइजचा स्टिकर नसेल तर बांधून झाल्यावर रीच घरीच मोजता येतो. सायकल सपाट फरशीवर, पुढचं चाक भिंतीला टेकवून सरळ. भिंतीपासून बीबीच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर घ्या, मग हेड ट्यूबच्या माथ्याच्या मध्यापर्यंतचं. वजाबाकी म्हणजे रीच. समजा १११४ आणि ६६४ आले, तर ४५०. तेच बिंदू फरशीपासून उभे मोजले की स्टॅक. हेड अँगलसाठी फोन आधी फरशीवर शून्य करा आणि मग फोर्कच्या चकचकीत नळीला लावा. हेच सगळं खोगिरावर बसून, दुसऱ्याकडून मोजून घ्या. तुमच्या कामाचे आकडे तेच.

टेकडीकर (मंगळवार, रात्री ८:३५)

फ्रेम सरळ निघाली, तडे नाहीत, कॅटेगरी ४ चा स्टिकर आहे. घेतली. फोर्क १४० ऐवजी १३० चा मिळतोय. चालेल? क्रँक १७५ चे आहेत.

चेनल्यूब (मंगळवार, रात्री ९:१०)

चालेल. हेड अर्ध्या अंशाने उभा, ६५.४ होईल, बीबी आणखी ३ मिमी खाली. म्हणून क्रँक बदला. १३० फोर्कला २० टक्के सॅग धरला तर बीबी जमिनीपासून ३०० च्या आसपास येतो. १७५ च्या क्रँकने पेडलचा मध्य १२५ वर, त्यातून पेडलची निम्मी जाडी वजा. खाणीकडच्या पायऱ्यांवर आपटणार. १६५ घेतलात तर सेंटिमीटर मिळतो आणि तुमच्या इनसीमला तो आखूड नाही. खोगीर मात्र १० मिमी वर घ्या.

उलटं कधी करू नका. १४० च्या फ्रेमला १६० चा फोर्क लावला तर डाउन ट्यूबच्या त्याच पोटाकडच्या वेल्डवर तरफ वाढते आणि वॉरंटीही जाते.

टेकडीकर (मंगळवार, रात्री ९:२२)

स्टिअरर (फोर्कची वरची नळी) किती कापू?

चेनल्यूब (मंगळवार, रात्री ९:३०)

आत्ता नको. स्टेमखाली २० आणि वर १० मिमीचे स्पेसर ठेवून दोन आठवडे चालवा, स्टेम वर-खाली करून बघा. उंची ठरली की वरच्या स्पेसरच्या कडेपासून ३ मिमी खाली कापा. हँगर (मागचा डिरेलर टांगायचा तुकडा) दोन जादा मागवून ठेवा.